मागच्या गोळ्यातील पाणी

वाचकहो, पुढील पृष्ठांत एका निष्पाप कन्येच्या मृत्यूचा आणि एका चाकराच्या इमानाचा वृत्तांत यथाक्रम निवेदन करण्यात येत आहे. यात विषाची कुपी नाही, खंजीर नाही, तोंड झाकून हिंडणारा मारेकरीही नाही. यात एक जीप आहे, तिच्या मागच्या आसाच्या लोखंडी गोळ्यातील तेल आहे, आणि त्या तेलात पाणी कोठून आले हा एकच प्रश्न आहे. प्रश्न लहान वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर एका माणसाचा तुरुंग आणि दुसऱ्या माणसाचे उरलेले आयुष्य अवलंबून होते. मार्तंड मिस्त्रीच्या दृष्टीस जे जे पडले, ते ते आपल्यापासून लपविले जाणार नाही. मन स्थिर करून वाचावे, एवढीच प्रार्थना.

प्रकरण पहिले : चहासारखे तेल

सन १९८६ च्या कार्तिक महिन्यातील एका सकाळी परभणी शहरातील आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्तंड मिस्त्री ट्रकवर घालून आणलेल्या एका जीपखाली उताणा पडला होता. वय पंचेचाळीस, शिक्षण चौथी, आणि लोखंडाची भाषा मात्र मुखोद्गत. शेडच्या दाराशी दोन माणसे उभी होती. एक, जीपचे मालक, पोखर्णीचे माणिकराव. दुसरे त्यांचे जावई अप्पाराव, राणीसावरगावच्या शाळेतील शिक्षक. अप्पारावांच्या क्षौर केलेल्या डोक्यावर टोपी होती, आणि ती टोपीच सर्व कहाणी सांगत होती.

ती कहाणी अशी. माणिकरावांची एकुलती एक मुलगी हेमा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवाळी सरता सरता एके दिवशी तांबडे फुटण्याच्या सुमारास तिला वेणा सुरू झाल्या आणि रक्त जाऊ लागले. ड्रायव्हर आश्रुबाने तिला जीपमध्ये निजवले, आई पार्वतीबाई उशाशी बसली, आणि गाडी परभणीच्या दवाखान्याकडे निघाली. पोखर्णी सोडून दोन कोस गेले नाहीत तोच मागून हाड मोडल्यासारखा आवाज झाला. मागची दोन्ही चाके जागच्या जागी बांधल्यासारखी थांबली. गाडी ढकलता येईना, ओढता येईना. गावातून बैलगाडी येईपर्यंत आणि तीत घालून दवाखाना गाठेपर्यंत तीन घंटे गेले. पोटातील मुलगी वाचली. हेमा वाचली नाही.

त्या गोष्टीला आज सतरा दिवस झाले होते. अप्पाराव राणीसावरगावी तेरावा उरकून आले होते, आणि त्यांच्या खिशात पोलीस ठाण्यासाठी लिहिलेला अर्ज घडी घालून ठेवला होता.

मागच्या आसाच्या मधोमध नारळाच्या दुप्पट आकाराचा जो लोखंडी फुगवटा असतो, त्याला कारागीर लोक गोळा म्हणतात. इंजिनाचे बळ त्याच्यातूनच चाकांना मिळते, आणि आतील दात जाड तेलात बुडलेले असतात. मार्तंडाने गोळ्याचे खालचे बूच सैल केले. मधासारखे तेल गळावे, ते गळले नाही. प्रथम निव्वळ पाणी आले. मग दूध घातलेल्या चहासारखा घट्ट, पांढुरका द्रव थबथब करीत घमेल्यात पडू लागला. अखेरीस चिमूटभर राखाडी गाळ आला. मार्तंडाने तो बोटांत चोळला. त्यात बारीक वाळू करकरली.

"पाणी!" अप्पाराव पुढे धावले. "बघा मामा, मी म्हणत होतो ना? हे आपोआप झालं का? कुणीतरी ओतलंय यात!"

"पाणी हाय खरं," मार्तंड खालूनच म्हणाला. "लय दिवस आत बसलेलं. बेअरिंग गंजून एकमेकाला चिकटलेत."

"त्या गाडीला आश्रुबाशिवाय हात कोण लावतं? दसऱ्याला त्यानं परभणीला जायची परवानगी मागितली. मामांनी दिली नाही, चार माणसांत बोलले. तो डूख त्यानं असा काढला. माझ्या बायकोवर काढला!"

 माणिकराव घमेल्यातील त्या दुधाळ तेलाकडे असे पाहत होते, जणू कोणी त्यांना त्यात आपले तोंड पाहावयास सांगितले होते.

मार्तंडाने गोळ्याच्या वरच्या अंगाकडे हात नेला. तेल भरावयाचे बूच तेथे असते. आसाच्या ज्या जागी गाडीचा भार तोलणारे कमानपाटे टेकतात तेथे त्याच्या बोटांना काही पिवळट, ओशट माती चिकटली. ती त्याने खिशातील फडक्याला पुसली. मग त्याची नजर वरच्या बुचावर गेली आणि तेथेच खिळली.

नागपंचमीच्या आठवड्यात या गोळ्याचे तेल त्याने स्वतः बदलले होते. बूच आवळले की बूच आणि गोळा या दोहोंवरून पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढावयाची, ही त्याची वीस वर्षांची रीत होती. बूच तसूभर फिरले तरी रेघ तुटते.

"मास्तर, जरा वाका," तो म्हणाला. "ही रेघ बघून ठेवा. सलग हाय का?"

"आहे. मग?"

"काय न्हाई. बघून ठेवा फकस्त."

रेघ सलग होती. खालच्या बुचातून पाणी ओतता येत नाही, ते उघडले की तेलच सांडते. आणि वरचे बूच नागपंचमीपासून कोणी उघडलेलेच नव्हते!

प्रकरण दुसरे : ज्याच्याशी वैर होते

"पाणी कुणी ओतलं ते आज सांजेपर्यंत तुम्ही सांगा," अप्पाराव एस.टी.त मार्तंडाला म्हणाले. "उद्या सकाळी अर्ज ठाण्यात जाईल. आश्रुबाचं नाव मी लिहिलेलंच आहे."

पोखर्णीला उतरल्यावर मार्तंड प्रथम आबासाहेबांच्या दारी गेला. आबासाहेब हे माणिकरावांचे चुलतबंधू. बांधावरून दोघांत वीस वर्षे बोलणे नव्हते. मात्र जीप जेथे उभी राहत असे तो गोठा दोघांचा सामाईक होता. गावात त्यांच्या नावाची कुजबुज होती ती या कारणानेच.

आबासाहेब बाजेवर बसून सुपारी कातरीत होते. मार्तंडाच्या हातातील पिशवी पाहून ते म्हणाले, "ये मिस्त्री. बेड्या आनल्यास का? का नुसतेच पाने?"

"पानेच हायेत, आबासाहेब."

"मग बस. पान्यानं मानूस आवळत न्हाई." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "इचार. आख्खं गाव पाठीमागं इचारायलंय, तू तोंडावर इचार."

"गाडीत पाणी निघालं. गोठा तुमच्या भिंतीला लागून हाय."

"हाय. आन् त्या गाडीचा आवाज मला झोपू देत नव्हता, हे बी लिही." म्हातारा हसला, पण ते हसू त्याच्या ओठांवर फार वेळ टिकले नाही. "मिस्त्री, बांध माझा आन् मान्याचा हाय. पोरीचा न्हवता. ती मला मोठे बाबा म्हनायची. बाप बोलत नसताना लेक माझ्या चुलीपाशी येऊन धपाटं खाऊन जायची. त्या दिवशी बैलगाडी कुनाची गेली, इचार गावाला."

"तुमची?"

"माझी. कासरा मी धरला हुता. बैलाला जन्मात चाबूक लावला न्हवता, त्या दिवशी लावला. वळ हायेत अजून. जा, बघून ये." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. "शिंगणापूरच्या पुढं तिनं मला इचारलं, मोठे बाबा, बाबाला तुमी बोलाल का आता? मी म्हनलं बोलीन. तर अजून बोललो न्हाई मी."

मार्तंडाने अडकित्ता उचलून त्यांच्यापुढे धरला. मग हळूच विचारले, "यंदा नदीच्या फरशीपुलावरून पाणी गेलं का? गाडी पुरात अडकली का कधी?"

"यंदा? यंदा पाऊस हाय कुठं! फरशीवर घोटाभर पानी चढलं न्हाई. कोंबडी बी पाय न भिजवता जाईल. नदीला पानी म्हनशील तर डोहात, बैलं धुवायपुरतं."

मार्तंड उठला. त्याच्या मनात हिशेब चालू होता. जीपचा मागचा आस जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच. घोटाभर पाण्याला तो शिवता येत नाही. बूच उघडलेले नाही, रस्त्यावर पाणी नाही, तरी गोळ्यात पाणी, आणि त्या पाण्यात वाळू. विहिरीच्या पाण्यात वाळू नसते.

गोठ्याजवळून जाताना त्याने बैलाच्या पाठीकडे पाहिले. वळ खरोखरच होते. त्यांवर कोणीतरी लोणी लावले होते.

प्रकरण तिसरे : कबुली

आश्रुबाचे घर गावाच्या कडेला होते. दारात त्याची बायको तानुबाई निवडणाचे सूप घेऊन बसली होती, पण सुपातील ज्वारी होती तशीच होती.

"मिस्त्रीभाऊ, ह्यांना कायतरी सांगा," ती म्हणाली. "सतरा दिस झाले. भाकर म्होरं ठेवली की उठून जातेत. मालकाच्या घरला बी जायनात, शेतात बी जायनात. लोकं दारावरून जाताना थुकायलेत."

आश्रुबा कडब्याच्या पेंढ्यांना टेकून बसला होता. पन्नाशीचा, रापलेला, माणिकरावांच्या घरी बावीस वर्षे राबलेला माणूस. आधी बैल हाकीत असे. जीप आल्यावर त्याने स्टिअरिंग धरले. हेमाला शाळेत पहिल्या दिवशी खांद्यावर बसवून त्यानेच नेले होते.

"आश्रुबा, तेल बघितलं मी."

"पानी हाय ना त्यात?"

"तुला कसं ठावं?"

आश्रुबाने मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते, आणि तेच पाहवत नव्हते. "मीच वतलं. लिहा मिस्त्री. जावईबापू म्हनतेत ते खरं हाय. मालकानं परभनीला जाऊ दिलं न्हाई, चार मानसांत माझा पानउतारा केला, म्हनून म्या वतलं."

तानुबाईच्या हातून सूप निसटले. ज्वारी अंगणभर झाली. "काय बोलायलाव ओ तुमी! हेमीला? तुमी?"

"तू गप बस."

मार्तंड त्याच्यासमोर उकिडवा बसला. "बरं. कशानं वतलं?"

"तांब्यानं."

"कुठून?"

"वरचं बूच काढून."

"मग परत आवळलंस?"

"आवळलं."

"आश्रुबा," मार्तंड अगदी मंद स्वरात म्हणाला, "मी बुचावर पिवळी रेघ मारतो. तुझ्या डोळ्यासमोर मारली होती. ती आज सकाळी होती तशी सलग हाय. मास्तरनं सुद्धा बघितलीय. नागपंचमीपासून ते बूच फिरलेलं न्हाई. तू वतलंस ते पानी गोळ्यात गेलं कुठून?"

आश्रुबाने कडब्याची एक काडी उपसून मोडली.

"आन् दसऱ्याला परभनीला कशाला जायचं हुतं तुला? तिथं तुझं कोन हाय? माझ्या शेडशिवाय तू परभनीत कुठं जात न्हाईस. मागून आवाज यायला लागला हुता ना? गाडी मला दाखवायची हुती ना?"

यावर त्या माणसाने जे केले त्याची अपेक्षा मार्तंडाने केली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी मार्तंडाचे पाय धरले.

"ती रेघ पुसून टाका, मिस्त्री," तो म्हणाला. "बूच खोला, फिरवा, आन् परत लावा. माझं नाव राहू द्या. तुमच्या पाया पडतो, ती रेघ पुसून टाका!"

प्रकरण चौथे : लाल झालेले फडके

निरपराध माणूस तुरुंग मागून घेतो, तो दुसऱ्या कोणासाठी तरी. परंतु कोणासाठी? हा प्रश्न मनात घेऊन मार्तंड माणिकरावांच्या घराच्या मागल्या दारी आला. हात धुतल्याशिवाय ओसरीवर बसणे त्यास प्रशस्त वाटेना. न्हाणीच्या दगडावर कपडे धुवायच्या साबणाची वडी होती. त्याने खिशातील फडके काढले, त्यालाही साबण लावला, आणि चोळू लागला.

फडक्यावर जेथे आसाची पिवळी, ओशट माती पुसली होती, तेथे ते रक्तासारखे लाल झाले.

मार्तंड थबकला. ग्रीस साबणाने लाल होत नाही. त्याचा तो रेघ मारावयाचा रंगही होत नाही.

"हळदीचं हाय ते," मागून आवाज आला. "साबन लागला की असंच व्हतं. आता ते निघायचं न्हाई."

पार्वतीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. कडेवर दुपट्यात गुंडाळलेली नात होती. सतरा दिवसांच्या त्या जीवाला अजून नाव नव्हते. नाव कोणी ठेवायचे, हे विचारण्याचे धैर्य घरात कोणाला झाले नव्हते.

"हळद?" मार्तंड म्हणाला. "काकू, जीपच्या मागच्या आसाला हळद कशी लागंल? खंडेनवमीला पुढं बॉनेटला कुंकू लावतेत. खाली आत शिरून हळद कोन लावतं? आन् ह्यात तूप बी हाय."

पार्वतीबाईंच्या चेहऱ्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. त्या हसल्या. दुःखाने थकलेल्या माणसाला जुनी सुखाची गोष्ट अवचित सापडावी, तसे ते हसणे होते.

"ते व्हय! ती हेमीची करनी. खांदेमळनीच्या दिवशी आली ना ती. पोळ्याचा आदला दिवस. आश्रुबानं तिला राणीसावरगावाहून आनलं. घराकडं येताना वाटंत नदी, तिथं हे बैलं धूत हुते. हेमी म्हनली, बाबा, ह्या गाडीनं मला एवढ्या लांबून आनलं, हिला न्हाऊ घालायचं न्हाई का? हिला का सावत्र समजता? झालं! लेकीचा शब्द. ह्यांनी स्वतः गाडीत बसून गाडी डोहात घातली. घासली, धुतली. मग सांजच्याला बैलाचे खांदे मळायच्या येळेला ही परत म्हनती, बाबा, हिचा खांदा कुठं हाय? हे खाली शिरले आन् म्हनले, सगळं वझं हितं टेकतं, हाच हिचा खांदा. हळद-तुपाची वाटी मीच दिली. खांदा मळायचा तो मालकाच्याच हातानं, आमच्या घरची रीत हाय. किती हसली ओ ती त्या दिवशी! पोटाला हात धरून हसली."

मार्तंडाच्या हातातील फडके दगडावर गळून पडले.

"काय झालं, भाऊ?" पार्वतीबाईंनी विचारले. त्यांचे हसू अजून पुरते मावळले नव्हते. "मी काय वावगं बोलले का?"

प्रकरण पाचवे : तापलेला तांब्या

वाचकहो, सत्य सापडल्यानंतर शोधणाऱ्यास हर्ष व्हावा असा संकेत आहे. मार्तंडास हर्ष झाला नाही. तो न्हाणीच्या दगडापाशी बराच वेळ उभा राहिला. एका बाजूस आश्रुबाचा तुरुंग होता. दुसऱ्या बाजूस एक बाप होता, ज्याच्या पदरी लेकीच्या त्या एका हसण्यावाचून आता काही उरलेले नव्हते. शेडवर परतून रेघ पुसणे अर्ध्या मिनिटाचे काम होते. त्याने हातही धुतले. परंतु तानुबाईच्या अंगणात सांडलेली ज्वारी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तो ओसरीवर गेला. माणिकराव खांबाला टेकून बसले होते. अप्पारावांनी अर्ज बाहेर काढला होता.

"सांगा मिस्त्री. पाणी कुणी ओतलं?"

"कुनीच न्हाई," मार्तंड म्हणाला. "आधी माझा कसूर सांगतो, मग बाकीचं. मास्तर, शाळेत तुमी पोरांना शिकवत असाल. तापलेला तांब्या पाण्यात उपडा घातला तर काय व्हतं?"

"आतली हवा थंड होऊन आकसते. पाणी आत ओढलं जातं. पण याचा इथं—" अप्पाराव बोलता बोलता थांबले.

"गोळ्याला वर बोटाच्या पेराएवढी एक नळी असती. लांबचा पल्ला मारला की गोळा तापतो, आतली हवा फुगती, ती त्या नळीतून बाहेर जाती. अशी तापलेली गाडी लगेच गार पाण्यात घातली, आस बुडेपर्यंत, तर गोळा त्याच नळीतून पानी पितो. बूच उघडावं लागत न्हाई. तुमी रेघ बघितलीच हाय. फरशीवर यंदा पानी न्हवतं. पानी फकस्त डोहात हुतं, आन् वाळू डोहातलीच हाय. तापलेली गाडी पान्यात घालू नये, हे मला ठावं हुतं, मालक. मी ते आश्रुबाला सांगितलं हुतं. तुमाला न्हाई सांगितलं. आमची सवयच तशी. गाडीचं शहानपन ड्रायव्हरच्या कानात सांगायचं, मालकाला फकस्त रामराम घालायचा. आन् ड्रायव्हरनं मालकाला शिकवायचं कसं? पाण्यातून काढल्यावर तेल बदललं असतं, तर एका घंट्याचं काम हुतं. तो माझा कसूर."

 उंबऱ्याच्या आत पार्वतीबाई उभ्या होत्या. मूल कुरकुरले, त्यांनी ते छातीशी घट्ट धरले.

"गाडी डोहात कधी गेली?" अप्पारावांनी विचारले. "कुणी घातली?"

मार्तंडाने उत्तर दिले नाही. त्याने माणिकरावांकडे पाहिलेही नाही. एवढी सवलत त्याने त्या माणसाला दिली की, ते त्याचे त्याने म्हणावे.

माणिकरावांनी आपले दोन्ही तळहात उघडून मांडीवर ठेवले होते. ते त्यांकडे पाहत होते. 

"खांदेमळनीला," ते म्हणाले. "म्या घातली."

"मामा!"

"ती काठावर उभी हुती. टाळ्या वाजवायली हुती." त्यांचा आवाज आश्चर्य वाटावा इतका शांत होता. "अप्पाराव, अर्जावरलं नाव खोडा. माझं लिहा."

 सतरा दिवस ज्या क्रोधाने अप्पारावांना उभे धरले होते, तो क्रोध ठेवावयास आता जागा उरली नव्हती. त्यांनी अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. अखेर ते सासऱ्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडू लागले. माणिकरावांनी त्यांच्या क्षौर केलेल्या डोक्यावर हात ठेवला.  पार्वतीबाई उंबऱ्यातच खाली बसल्या, कारण हळद-तुपाची ती वाटी त्यांनीच दिली होती.

"मालक," मार्तंड म्हणाला, "आश्रुबानं मीच वतलं म्हनून कबूल केलंय. तुमाला हे कळू नये म्हनून. सतरा दिवस त्यानं भाकर खाल्ली न्हाई."

माणिकराव उठले. पायात वहाणा न घालता ते अंगणाबाहेर पडले.

प्रकरण सहावे : विचारलेला प्रश्न

दिवस कलला होता. गाव पाहत होते. आबासाहेबही आपल्या बाजेवरून उठून रस्त्यात आले, आणि वीस वर्षांत प्रथमच माणिकरावांच्या मागोमाग चार पावले अंतर ठेवून चालू लागले. मार्तंड सर्वांत मागे होता.

मालक दारात आलेले पाहून आश्रुबा धडपडून उभा राहिला. त्याने मार्तंडाकडे पाहिले आणि त्याला सर्व समजले.

"मिस्त्री, हे काय केलं तुमी," तो पुटपुटला.

माणिकराव त्याच्यासमोर उभे राहिले. "आश्रुबा, त्या दिवशी नदीवर, म्या किल्ली मागितली तवा तू कायतरी बोलला हुतास."

"न्हाई, मालक."

"बोलला हुतास. मला ऐकू आलं न्हाई. म्या ऐकलं न्हाई. हेमी हसत हुती, तिकडं माझं ध्यान हुतं. आन् दसऱ्याला बी तू सांगायला आला हुतास, तवा तर म्या तुला चार मानसांत घालून पाडून बोललो."

"झालं गेलं, मालक. तुमी घरला चला. अनवानी आलाव तुमी."

"सांग. काय म्हनला हुतास नदीवर?"

"कशाला आता?"

"मला ऐकायचंय."

 तानुबाई दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती. आबासाहेब रस्त्यावरच थांबले होते. 

"म्या म्हनलं," आश्रुबा म्हणाला, आणि सतरा दिवसांत प्रथमच त्याच्या कोरड्या डोळ्यांना पाणी आले, "म्या म्हनलं, मालक, गाडी लय तापलीय. एवढी बिडी वढून हुईपर्यंत थांबता का? मग घाला पान्यात."

माणिकरावांनी मान हलविली. जणू तो प्रश्न आताच, येथे, या अंगणात विचारला गेला होता, आणि उत्तर देण्यास अजून अवधी होता.

"बरं," ते म्हणाले. "थांबू मग."

आणि ते त्याच्याजवळ कडब्याला टेकून खाली बसले.

येथे हा वृत्तांत समाप्त होतो. अर्ज ठाण्यात गेला नाही, एवढे वाचकांच्या समाधानार्थ सांगतो; अन्य समाधान माझ्यापाशी नाही. माझे शिक्षण अल्प आहे, त्यामुळे भाषेत जे उणे असेल ते माझे, आणि यातील माणसांत जे थोर आढळले असेल ते त्यांचे समजावे. आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे दुःख माझ्याबरोबर शेवटपर्यंत वाहिलेत, त्याबद्दल आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
भुजंग ग्यानोबा खटिंग
मु. पिंगळी, जि. परभणी